मूठभर दगडफूल

फलटणच्या बाजारातून काळ्या मसाल्यासाठी दगडफूल आलं की मूठभर मी मागून घेतो आणि त्यावर पाणी शिंपडतो. दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शैवाल यांची जोडी; कोरडं असताना ते बोट लागताच चुरतं. ओलावलं की लगेच मऊ पडतं, कडा उलगडतात, मग निवडायला बसायचं.

आधी पालथं करून पाहायचं. रुंद, गोलसर पाकळी, खालून काळी, काठालगत मात्र तपकिरी आणि झाडाला धरणारे धागे नसलेली, तर ते पार्मोट्रेमा. अरुंद पट्ट्या, खालून खोलगट, काठाला काळे केस, तर एव्हर्निॲस्ट्रम. हे बहुधा हिमालयातून आलेलं. एकाच पुडीत दोन्ही सापडतात. पुढचं काम ब्लेडचं: वरची साल आणि तिच्याखालचा शैवालाचा हिरवा थर खरवडून बुरशीचा पांढरा गाभा उघडा करायचा आणि त्यावर थेंब सोडायचा. ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने गाभा लाल झाला, तर त्यात बहुधा लेकॅनोरिक आम्ल आहे. महाबळेश्वरच्या झाडांवरचं पार्मोट्रेमा टिंक्टोरम असा रंग देतं. त्याच्या रेटिक्युलेटम या भावंडाचा गाभा पोटॅशने आधी पिवळा, मग लाल होतो. तो बदल पाहताना आजही माझा श्वास थांबतो.

ही दोन्ही पार्मेलिएसी कुळातली. हे लायकेन-बुरशींचं सर्वांत मोठं कुळ, अडीच हजारांहून अधिक जातींचं. लिनियसने 1753 साली सगळी लायकेनं एकाच प्रजातीत घातली होती. अकॅरियसने 1803 मध्ये पार्मेलिया वेगळी काढली आणि पुढे स्मिथसोनियनच्या मेसन हेल यांनी तिचे भाग केले. रेटिक्युलेटमच्या सालीवरच्या पांढऱ्या जाळीदार भेगांना महत्त्व देऊन 1990 मध्ये रिमेलिया ही प्रजाती झाली. 2005 मध्ये डीएनएच्या आधारे ती पार्मोट्रेमात परत गेली. एव्हर्निॲस्ट्रमही 2013 मध्ये हायपोट्रॅकायनात विलीन झालं. मी जुनंच नाव वापरतो, कारण हातातल्या पट्टीला ते अजून नेमकं बसतं.

नावं अशी हलतात, म्हणूनच नमुन्याच्या पाकिटावर गाव, झाड आणि तारीख लिहिलेली हवी. पुण्याच्या आघारकर संस्थेत पटवर्धन आणि मखिजा यांनी अभ्यासलेले नमुने त्यामुळेच नव्या नावानेही पुन्हा तपासता येतात. बाजारच्या दगडफुलाला गावच नसतं. वर्षाला काही मिलिमीटर वाढणारी ही पाकळी कोणत्या डोंगरावरून, कोणत्या झाडावरून ओरबाडली, हे दुकानदाराला विचारलं तर तो पोत्याकडे बोट दाखवतो. त्या पोत्यावर निदान जिल्ह्याचं नाव छापलेलं असावं, एवढं तरी व्यापाऱ्यांकडून सक्तीने करून घ्यायला हवं.