संजीवनी आणि उपस्थाता

तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन लागले, की पाठोपाठ आमच्या घरी दुसरा दिवा लागतो तो दूरचित्रवाणीचा. या दुसऱ्या दिव्याविषयी मी आजवर पुष्कळ कटू बोललो आहे, आणि घरातील मंडळींनी ते शांतपणे ऐकून घेऊन यंत्राचा आवाज थोडा वाढविला आहे. तेव्हा माझ्यासारख्या सेवानिवृत्त मास्तराने एका हिंदी मालिकेविषयी लिहावयास बसावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु मला जे सांगावयाचे आहे ते या मालिकेला वगळून सांगता येत नाही. म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतो.

मालिकेचे नाव ‘संजीवनी’. स्टार प्लस वाहिनीवर ती प्रथम २००२ साली सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. एका मोठ्या रुग्णालयात शिकावयास आलेले तरुण डॉक्टर, त्यांचे वरिष्ठ डॉ. शशांक गुप्ता, तरुणांची प्रेमप्रकरणे, रुसवेफुगवे, आणि मधून मधून एखादा रोगी, असा तो संसार. तिच्याच पोटी २००७ मध्ये ‘दिल मिल गये’ ही दुसरी मालिका निघाली; तीही तीन वर्षे चालली. पहिल्या मालिकेच्या वेळी आमच्या मातोश्री हयात होत्या. हिंदी त्यांना बेताचेच कळे. परंतु मोहनीश बहल यांनी रंगविलेले ते डॉ. शशांक पडद्यावर आले, की त्या पदर सावरून नीट बसत. वैद्य घरी आल्यावर बसावे तसे.

मी मात्र नावात रमलो होतो. मारुतीरायाने द्रोणागिरी उचलून आणला तो संजीवनीकरिता. शुक्राचार्यांपासून कचाने हरण केली ती विद्याही संजीवनीच. त्याच कथेवर खाडिलकरांनी ‘विद्याहरण’ रचिले आणि आमच्या कोल्हापुरात राहून गेलेल्या वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’मध्ये कचाला पुन्हा उभे केले. या साऱ्या कथांत एक गोष्ट समान आहे. प्राण परत आणणारा पुरुष एकटा असतो आणि त्याच्याभोवती तेज असते. मालिका लिहिणाऱ्यांनीही तेच धरले होते, आणि खरे सांगावयाचे तर मलाही त्यात काही वावगे दिसले नव्हते.

पुढे हीच ‘संजीवनी’ नव्या पात्रांसह १२ ऑगस्ट २०१९ रोजी पुन्हा सुरू झाली. ही तारीख कोल्हापूरकरांस वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या महिन्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली जाऊन शहराचा संबंध तुटला. उपसा केंद्रे बुडाल्यामुळे गावात चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी विचित्र अवस्था झाली. आमची मंगळवार पेठ कोरडी राहिली. परंतु शुक्रवार पेठेतील माझा मामेभाऊ बायकोमुलांसह, वृद्ध सासूबाईंना घेऊन, आमच्याकडे आला. आम्ही घरचे बारा आणि हे नऊ, मिळून एकवीस माणसे. दिवसा टँकरपुढे रांग, रात्री पंगती. अशा गर्दीत पुराच्या बातम्या पाहून पाहून मन विटले, की वहिनी म्हणत, “लावा गं ते दवाखान्याचं.” पुन्हा डॉ. शशांक! केस पिकलेले, परंतु तेच. सोबत डॉ. ईशानी आणि डॉ. सिद्धांत ही नवी जोडी, आणि रुग्णालयाचा व्यापार करू पाहणारा एक गृहस्थ. एकवीस माणसे एका खोलीत दाटीने बसून ते पाहत.

मामेभावाच्या सासूबाईंना मधुमेह होता. पुराच्या पाण्यातून चालताना पायाला काही लागले, ते चिघळले. जवळच्या शाळेत पूरग्रस्तांची छावणी होती. तेथील एका परिचारिकेने जखम कशी धुवावी, पट्टी कशी बांधावी हे एकदा दाखविले, आणि पुढले पंधरा दिवस ते काम आमच्या नातीने केले. ती तेव्हा बारावीला होती. कोमट पाण्याचे घमेले घेऊन ती त्या म्हातारीच्या पायाशी बसे. एके रात्री, मालिका चालू असतानाच, ती सहज म्हणाली, “आजोबा, मी नर्सिंगला जाणार.”

मी जे बोललो ते येथे जसेच्या तसे लिहीत नाही; लिहवत नाही. परक्यांचे मलमूत्र, रात्रपाळ्या, लग्नाची अडचण, घराण्याचे नाव हे सारे त्यात आले. वर दाखलाही दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आम्ही सर्वांनी ‘आनंदी गोपाळ’ चित्रपट पाहिला होता. मी म्हणालो, “अमेरिकेत १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंना आपल्या कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर नेमले होते. १८८७ च्या फेब्रुवारीत मृत्यूने गाठले म्हणून त्यांना येथे रुजू होता आले नाही. पुढे कृष्णाबाई केळवकरांनी त्याच रुग्णालयात काम केले. ज्या गावाने तेव्हा स्त्रीला डॉक्टर म्हणून बोलाविले, त्या गावची तू मुलगी. व्हावयाचे तर डॉक्टर हो!” भाषण उत्तम झाले. पाहुण्यांनी माना डोलाविल्या. नातीने उत्तर दिले नाही. घमेले तिच्या हातात होते; ते घेऊन ती न्हाणीघराकडे गेली.

त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये आमच्या सौभाग्यवती परसातील पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शहरातील एका खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर कुशल होते. हाड उत्तम बसले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ते दिवसातून दोन वेळा येत, तीन-चार मिनिटे थांबत. मालिकेतील डॉक्टर रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसतात, सलाईन लावतात, अश्रूही पुसतात! प्रत्यक्षात ती कामे कोण करते, हे मला त्या बाकावर बसून प्रथमच दिसले.

तिसऱ्या रात्री सौभाग्यवती मला दादा म्हणू लागल्या. त्यांचे बंधू जाऊन अकरा वर्षे झाली होती. मी समजलो, भुलीचा अंमल असेल, वयही झाले; सकाळी उतरेल. त्यांच्या अंगावर पांघरूण घालून मी डोळे मिटले. रात्रपाळीची परिचारिका, गडहिंग्लजकडची बावीस-तेवीस वर्षांची पोर, रक्तदाब घ्यावयास आली होती. तिने विचारले, “आजी, आज वार कोणता?” उत्तर आले, “आंब्याची पेटी आली का?” पोर हसली नाही. तिने पुन्हा दोन प्रश्न विचारले, नाडी पाहिली, कागद चाळले आणि ती थेट फोनकडे गेली. निवासी डॉक्टर आले, रक्त तपासणीस गेले. रक्तातील सोडियम १३५ च्या वर असावे लागते. ते ११८ वर उतरले होते. आणखी उतरते तर झटके, बेशुद्धी, आणि पुढचे मी लिहीत नाही. शिवाय ते एकदम वाढवूनही चालत नाही, मेंदूस इजा होते. हळूहळूच वर आणावे लागते. म्हणून ती मुलगी सकाळपर्यंत ठराविक वेळाने येऊन पाहत होती आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारीत होती. पहाटे केव्हातरी सौभाग्यवतींनी वैतागून सांगितले, “शुक्रवार गं, किती वेळा विचारशील?” तेव्हा ती हसली.

चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता असावी, असे तेथे म्हटले आहे. हा भाग मला वयाच्या विसाव्या वर्षापासून मुखोद्गत होता. शास्त्रीबुवांनी पाठ करून घेतला होता. चार पायांपैकी एक, म्हणजे वैद्याच्या बरोबरीचा, हे मी कितीदा म्हटले असेल! आणि त्या ऑगस्टच्या रात्री एकवीस माणसांदेखत हेच सारे मला आठवले नाही. पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या काळी परिचारिकांच्या शिक्षणाची व्यवस्था केली होती, हेही मला ठाऊक होते. आनंदीबाई आठवल्या, त्या आठवल्या नाहीत. स्मरणशक्तीही आपल्या सोयीने चालते.

मार्च २०२० मध्ये मालिका संपली. लगोलग करोनाचे संकट आले. २२ मार्चला सायंकाळी पाच वाजता सगळा देश डॉक्टर-परिचारिकांकरिता थाळ्या वाजवीत होता. मीही सज्जात उभा राहून पितळी परात वाजविली. शेजारी नात उभी होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिले. वाजविणे मी इतरांच्या थोडे आधीच थांबविले.

त्या वर्षी तिने परिचर्येच्या चार वर्षांच्या पदवीस प्रवेश घेतला. मी विरोध केला नाही, पण ‘जा’ असेही म्हटले नाही. अर्जावर तिच्या वडिलांनी सही केली. २०२४ मध्ये ती उत्तीर्ण झाली आणि आता परगावी अतिदक्षता विभागात नोकरीस आहे. गेल्या दिवाळीत दोन दिवसांची रजा मिळाली म्हणून आली होती. रात्री वहिनींनी हौसेने जुनी ‘संजीवनी’ मोबाईलवरून मोठ्या पडद्यावर लावून घेतली. आमची नात पडद्याकडे पाहून म्हणाली, “आजोबा, या डॉक्टरांच्या वॉर्डात सिस्टर का दिसत नाहीत हो? सगळ्या संपावर गेल्यात की काय?” सर्वजण हसले. मी उत्तर जुळवीत होतो. जुळेपर्यंत ती लोडाला टेकून झोपी गेली होती. सौभाग्यवतींनी आवाज बंद करावयास लावला.

पहाटेच्या एस.टी.ने तिला परत जावयाचे होते. चकली-लाडवांची पिशवी मी स्थानकापर्यंत उचलून नेली. तिने घेऊ पाहिली तरी दिली नाही. पाच वर्षे बोलावयाचे राहिलेले तेथे बोलावे, असे घरून ठरवून निघालो होतो. “आजीच्या सोडियमची तपासणी सहा महिन्यांनी करून घ्या हं,” असे ती खिडकीतून सांगत असतानाच वाहकाने घंटी दिली.