देव पाण्यात

माशांच्या टाकीतल्या हीटरचा प्लग काढला तेव्हा मीटरवरचा आकडा ४७ वरून १९ वर उतरला. फिल्टरचा काढला, ६. वरच्या दिव्याचा काढला, ३. मग काढायला काही उरलंच नाही आणि ते ३ व्होल्ट तसेच राहिले.

लाल तार पाण्यात, काळी सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगच्या. रीत सोपी आहे : एकेक उपकरण सोडवत जायचं आणि आकडा कुठे कोसळतो ते बघायचं. हीटर पुसून खिडकीशी धरला, तर रबरी टोपणालगत काचेला केसाएवढी चीर आणि आत, कॉइलच्या खाली, पाण्याचा एक थेंब. नळी कलती केली की थेंब काचेवरून सरकायचा. शोध तिथे संपायला हवा होता.

पण टाकीत चार मोली आहेत, दोन कोरीडोरास आहेत. ही चीर कधीची? आणि इतके दिवस त्यांना काय होत होतं?

तारेवरच्या चिमणीला शॉक बसत नाही, हे शाळेत शिकलो. तिचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात, मग वीज वाहणार कुठे? काचेच्या टाकीतल्या माशाचंही बरंचसं तसंच. त्याच्या अवतीभवतीचं सगळं पाणीच वर उचललेलं, आणि त्याला खाली जमीन नाही. झटका बसतो मला, कारण माझा हात पाण्यात आणि पाय फरशीवर. हे नीट समजलं तेव्हा बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. डोक्यात सारखं येत राहिलं ते ‘देव पाण्यात ठेवणे’.

आता हा वाक्प्रचार निवडणुकीच्या नाहीतर क्रिकेटच्या बातमीत भेटतो. आमच्याकडे देव खरोखरच पाण्यात ठेवत. आत्याचं बाळंतपण अडलं तेव्हा, काकांची नोकरी जायची वेळ आली तेव्हा. आजी तांब्याच्या तपेल्यात बोटभर उंचीचा रांगता बाळकृष्ण ठेवायची. वरून पाहिलं की पाण्यात तो खऱ्यापेक्षा मोठा दिसायचा, हातातला लोण्याचा गोळा तर फारच मोठा. मी विचारलं होतं, “आजी, त्याला थंडी नाही वाजत?”

“वाजू दे. वाजली म्हणजे काम करेल.”

असं म्हणणारी आजी थंडीच्या दिवसांत रोज सकाळी तपेल्यातलं पाणी बदलताना आधणातलं थोडं कढत त्यात मिसळायची आणि बोट बुडवून पाहायची. तिला देवाला गारठवायचं होतं की सांभाळायचं होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

काका आजारी पडले तेव्हाही देव पाण्यात होते. पाचव्या दिवशी काका गेले. आणि सुतक लागलं. दहा दिवस घरातल्या कुणीही देवांना हात लावायचा नाही. मग त्यांना पाण्यातून काढलं कुणी? मी सात वर्षांची होते. मला आठवतं ते देवघराच्या कोपऱ्यातलं तपेलं आणि पाण्यावर धरलेली धुळीची साय. आत्या म्हणते, शेजारच्या काकूंनी त्याच संध्याकाळी काढले. आई सांगायची, तेराव्यापर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. नंतर मी बाळकृष्णाच्या गुडघ्याशी हिरवा डाग पाहिल्याचं आठवतं, पण पितळेला असा डाग कशानेही पडतो. आजीला विचारायला हवं होतं. तिला विचारणं म्हणजे काय विचारणं, हे कळायच्या आत तीही गेली.

वायरमन परवा येऊन गेला. होल्डरला दोन तारा जोडलेला त्याचा टेस्ट लॅम्प त्याने फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, दिवा लखलखला. फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, नुसता अंधार. “ताई, याला अर्थिंगच नाही. तार भिंतीत आहे, पण खाली सुटलेली आहे.”

म्हणजे ४७, १९, ६, ३ हे सगळे आकडे मी कशाशी मोजले? व्होल्ट नेहमी दोन जागांमध्ये असतात. माझी दुसरी जागा भिंतीत लोंबणारी एक तार होती. चीर खरी आहे, थेंब खरा आहे. आकड्यांविषयी मला आता काहीच म्हणता येत नाही.

१८३८ साली मायकेल फॅरडेने लंडनच्या अ‍ॅडलेड गॅलरीत जिवंत इलेक्ट्रिक ईलच्या टाकीत स्वतःचे हात घातले होते. एक हात डोक्याशी, दुसरा शेपटीशी धरला की झटका जबर. हात दुसरीकडे नेले की सौम्य. पाण्यात वीज ‘आहे’ एवढं म्हणून भागत नाही, कुठून कुठे ते सांगावं लागतं. माझ्या टाकीत हीटर एका कोपऱ्यात, फिल्टर दुसऱ्या. मधलं सगळं पाणी एकाच दाबावर होतं, असं मी कुठल्या भरवशावर म्हणू? दुकानदार म्हणतो, पाण्यात अर्थिंगची कांडी सोडा. पण तशी सोडली तर थांबलेल्या विजेला माशांमधूनच वाट मिळेल. माझा जीव वाचवायला मी त्यांना तारेसारखं वापरायचं का?

मोलीला वीज जाणणारं इंद्रिय नसतं. कोरीडोरास कॅटफिशच्या कुळातला. त्या कुळाच्या कातडीत अगदी क्षीण वीजही टिपणारे सूक्ष्म खळगे असतात. मंद बदलांना ते सर्वांत तल्लख. सेकंदाला ५० हेलकावे खाणारी आपली घरची वीज त्यांना कशी लागते? माझे दोन्ही कोरीडोरास गेला महिनाभर दगडामागे बसून होते. हीटर काढल्यावर एक बाहेर आला. दुसरा अजून तिथेच आहे.

गुरुवारी नवा अर्थिंगचा खड्डा होईल, कोळसा आणि मीठ घालून, आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरच्या गळतीला वीज तोडणारी आरसीसीबी बसेल. तुमच्याकडे टाकी असेल तर पाण्यात हात घालण्याआधी प्लग उपसून काढा, नुसतं बटण बंद करू नका. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं, आणि ते बंद केलं तरी फेज हीटरपर्यंत पोचलेला असतो.