कणीक जास्त झालीय

सबवूफर मी माझ्यासाठी आणला होता, हे आधीच सांगून टाकते. आप्पांचा विचार त्यात नव्हता. आप्पांना ऐकू येत नाही, असं आमच्या घरात ठरून तीन वर्षं झाली होती.

माझी गाणं ऐकण्याची सोय साधी आहे. एक जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन स्पीकर. त्यांचे वूफर साडेपाच इंची. एवढ्याशा शंकूनं हवा ढकलून ढकलून किती ढकलावी? ६० हर्ट्झच्या खाली ते दमतात. तरी वर्षानुवर्षं मला काही कमी वाटलं नाही, कारण कान मोठा समजूतदार असतो. मूळचा खालचा सूर गायब असला, पण त्याचे वरचे सहायक नाद शाबूत असले, तर मेंदू त्यांच्यावरून खालचा सूर ताडतो आणि ऐकल्याचं समाधान करून घेतो. फोनच्या तारेतून खर्ज जवळजवळ येतच नसे, तरी भारदस्त आवाजाचा माणूस भारदस्तच वाटायचा, तो यामुळेच.

आई गेल्यावर आप्पा माझ्याकडे बंगळूरला आले. त्याआधी सगळा जन्म सोलापूर जिल्ह्यात. तिथल्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवायचे. भजनाच्या संध्याकाळी आई मळलेल्या कणकेतून लिंबाएवढा गोळा बाजूला काढायची, आणि आप्पा तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर, धुम्यावर, थापायचे. कातड्यावर वजन पडलं की ते सावकाश कंपतं, आवाज खाली उतरतो आणि भरतो. थोडी कणीक, एक थाप. पुन्हा चिमूटभर, पुन्हा थाप. जास्त झाली तर बोटानं खरवडून काढायची. पोळ्या लाटता लाटता आई आतून म्हणायची, "बास आता." आम्हा मुलांना फरक कळायचा नाही. उजव्या तोंडावरच्या शाईनं सूर कसा जुळतो, याची शास्त्रीय उकल सी. व्ही. रामन यांनी १९२० साली मांडली. डाव्या तोंडावरच्या कणकेचा हिशेब आप्पांच्या बोटांत होता.

म्हातारपणी कान जातात ते बहुतेक वरून जातात. आधी उंच, बारीक आवाज हरवतात: पाखरांचे, आणि आपल्या बोलण्यातले स, श, त, फ. स्वर खालच्या पट्टीतले, ते मागे उरतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे आप्पांना कळायचं, काय बोलतंय ते कळायचं नाही. श्रवणयंत्र खणात पडून होतं. त्यात भांडीच फार वाजतात, म्हणायचे. हरवलेलं ते आमच्या ओठांवरून आणि सवयीनं भरून काढायचे. 'सात वाजले' म्हटलं तर 'भात नको' म्हणायचे, आणि आम्ही हसायचो. इमारतीत सगळं कन्नड, घरात नातवाचं इंग्रजी. तिथे तर सवयीचाही उपयोग नव्हता. हळूहळू ते बोलायचेच कमी झाले. आम्ही त्याला स्वभाव म्हणू लागलो.

सबवूफर आला. आठ इंची, धान्याच्या डब्याएवढा काळा ठोकळा. माझ्या ॲम्प्लिफायरला त्याच्यासाठी वेगळी जोडणी नाही, म्हणून स्पीकरच्या तारा लावतात तिथूनच आणखी दोन तारा ओढल्या. जागा शोधण्याची एक रीत आहे: सबवूफर आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे खर्ज नेटका ऐकू येईल ती त्याची जागा. मी ओढणी कमरेला खोचली आणि रांगू लागले. आप्पा भिंतीलगतच्या आपल्या खुर्चीतून बघत होते.

"काय हरवलं गं?"

"काही नाही!" मी ओरडले. समजावून सांगायचा कंटाळा केला.

जागा सापडली. ६० हर्ट्झच्या खालचं तेवढं त्यानं उचलावं, असं बटण लावलं. भीमसेन जोशींचा अभंग लावून माझ्या खुर्चीत, खोलीच्या मध्यावर, येऊन बसले. खर्ज जेमतेमच वाटला. उठून आवाज वाढवला. पुन्हा बसले, पुन्हा वाढवला.

"कणीक जास्त झालीय," आप्पा म्हणाले.

मी गाणं थांबवलं. "काय?"

"धुम्याला. कणीक जास्त झालीय. थाप तुटत नाही, पुढच्या थापेवर सांडतीय."

त्यांचा तळहात खुर्चीच्या हातावर सपाट टेकलेला होता.

मी उठून त्यांच्या बाजूला उभी राहिले आणि गाणं पुन्हा लावलं. त्यांचं बरोबर होतं. आमची खोली १४ फूट लांब. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण २८ फूट, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोबर अर्धी लाट मावते. अशी लाट भिंतींशी फुगते आणि मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. मी मध्यावर बसून सगळं माझ्या खुर्चीपुरतं जुळवत होते. आप्पा तीन वर्षं भिंतीशी बसत होते.

मग आम्ही दोघांनी ते लावलं. मी जमिनीवर, बटणाशी. ते खुर्चीत, हात वर धरून. "खरवड अजून. थोडी. आता जरा लाव." सबवूफर कोपऱ्यापासून वीतभर ओढायला लावला. अर्धा तास गेला असेल. इतकी वाक्यं ते महिन्याभरात बोलले नव्हते, आणि एकदाही मला ओरडावं लागलं नाही; विचारायची वेळच आली नाही, ते सांगत होते आणि मी करत होते. शेवटी हात खाली आला. "बास आता."

बटण पावाच्याही खाली होतं. माझ्या जागेवरून खर्ज आता ऐकूच येईना. मी माझी खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी नेली.

आठवड्याभरानं खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. मुलाची परीक्षा होती. रात्री छत घुमतं, म्हणाल्या. त्यांचीही चूक नव्हती, खालचा आवाज भिंतींना जुमानत नाही. नऊनंतर सबवूफर बंद, असं ठरलं. त्या रात्री नऊला मी तेवढाच बंद केला. दोन स्पीकरवर अभंग चालू होता, आणि माझ्या मेंदूनं उरलेलं भरून घ्यायला सुरुवातही केली होती.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "संपलं?"

आता आम्ही साडेसातलाच ऐकायला बसतो. नऊ वाजले की आधी मी गाणं संपू देते. मग सबवूफर बंद करते.