चेंडूचा घसारा

मार्च महिना आला की आमच्या हाताला वस्तू मोजण्याचे वेड लागते. कचेरीत तेच काम, आणि वस्तीतल्या मित्रमंडळाचे खजिनदारपद गेली नऊ वर्षे आमच्याच गळ्यात असल्यामुळे समाजमंदिरातही तेच काम. सतरंज्या किती, खुर्च्या किती, त्यातल्या मोडक्या किती, वाचनालयाची पुस्तके कोणी नेली आणि कोणी परत आणली नाहीत. १४ एप्रिलची धांदल सुरू होण्याआधी हे सारे नोंदवहीत उतरले पाहिजे, असा आमचा नेम आहे.

गेल्या मार्चमधली गोष्ट. कपाटाच्या खालच्या खणात एक कापडी पिशवी सापडली. आत अकरा सीझन बॉल. सगळे वापरलेले, काहींची शिवण उसवलेली, काहींचा लाल रंग जाऊन करड्या बटाट्यासारखे झालेले. आम्ही बी.कॉम. झालो आहोत. वस्तू वापरली की झिजते, झिजली की तिची किंमत कमी होते आणि त्या कमी होण्याला घसारा म्हणतात, हे आम्ही परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत. तेव्हा आम्ही अकरा चेंडूंपुढे 'निरुपयोगी' असा शेरा मारला, ते बोळात खेळणाऱ्या पोरांना वाटून टाकले आणि सहा नव्या चेंडूंची मागणी अध्यक्षांपुढे ठेवली. संध्याकाळपर्यंत दोन चेंडू नाल्यात गेल्याचे कानावर आले. आम्ही हसलो.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आठवीपासून आमच्याकडेच शिकायला आहे. आता बारावीला. मध्यमगती गोलंदाजी टाकतो. तो रात्री समाजमंदिरातून आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "मामा, त्या पिशवीत काळा धागा बांधलेला एक चेंडू होता. तो कुठाय?"

आम्ही सांगितले. त्यावर तो काही बोलला नाही. दोन दिवस बोलला नाही. ताट वाढून ठेवले की जेवायचा आणि अभ्यासाला बसायचा. शेवटी आमच्या सौ.च म्हणाल्या, "अरे, तुझ्या मामांना पावती कळते, खेळ कळत नाही. मनावर घेऊ नकोस." हे आमच्या देखत.

आम्ही बोळात फिरून सात चेंडू परत मिळवले. एका पोराने तर चेंडूच्या बदल्यात नवा टेनिस बॉल वाजवून घेतला. काळ्या धाग्याचा सापडला तो नाल्याच्या कडेला. पाण्याने फुगला होता. हातात घेतला तर जड लागला आणि शिवण दोऱ्यासकट मऊ पडली होती. भाच्याने तो उन्हात ठेवला, दुसऱ्या दिवशी बोटाने दाबून पाहिला आणि स्वतःच टाकून दिला. चार महिने त्याने त्या चेंडूची एक बाजू घासून चकचकीत ठेवली होती आणि दुसरी मुद्दाम कोरडी राहू दिली होती, हे आम्हाला तेव्हा कळले.

तिसऱ्या रात्री तो एक नवा चेंडू घेऊन आमच्यासमोर बसला आणि आमची शिकवणी सुरू झाली.

चांगला चेंडू चामड्याच्या चार तुकड्यांचा असतो. आत बुचाचे लाकूड, त्यावर सुताचे वेढे, आणि मधोमध टाक्यांच्या सहा ओळींची उभी शिवण. वजन नियमाप्रमाणे १५५.९ ते १६३ ग्रॅम. नवा असताना दोन्ही गालांवर सारखी चकाकी. गोलंदाज शिवण किंचित स्लिपकडे तिरपी धरून टाकतो. धावत्या चेंडूला लगटून हवेचा एक अगदी पातळ थर वाहत असतो. शिवणीच्या बाजूला हा थर टाक्यांना अडखळतो, खवळतो, आणि खवळलेला थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो. दुसऱ्या, गुळगुळीत गालावरचा शांत थर मात्र लवकर सुटतो. या फरकामुळे शिवणीचे तोंड जिकडे, तिकडे चेंडू वळतो. आजवर टीव्हीवर सामने बघताना आम्ही याला मनगटाची करामत समजत होतो. मनगट लागते, पण वळवणारी ती हवा.

आता चेंडू झिजू लागतो. चांगल्या हिरवळीवर तीस-चाळीस षटके लागतील, आमच्या मुरमाच्या मैदानावर दहा षटकांतच त्याचा चेहरा बदलतो. संघ शहाणा असेल तर एक गाल घामाने आणि विजारीवर घासून जपतो, दुसरा तसाच खरबरीत होऊ देतो. मग एक वेळ अशी येते की तोच गोलंदाज, तीच पकड, तीच तिरपी शिवण, आणि चेंडू जातो नेमका उलट्या बाजूला. हाच रिव्हर्स स्विंग. पृष्ठभाग खरबरीत झाला किंवा वेग फार असला की हवेचा थर शिवणीपर्यंत पोहोचण्याआधीच खवळलेला असतो. मग शिवण त्याला चिकटून राहायला मदत करत नाही, उलट त्याला जाड आणि दुबळा करते. तो त्या बाजूने आधी सुटतो, आणि चेंडू चकचकीत गालाच्या दिशेने वळतो. नव्या चेंडूला असे वळवायचे तर ताशी सुमारे १४५ किलोमीटरच्या पुढचा वेग लागतो. एक गाल झिजला की ते कमी वेगालाही साधते.

हे शास्त्र आम्ही पुढे वाचूनही पाहिले. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स केंद्रात काम केलेले रवींद्र मेहता यांनी १९८० च्या दशकापासून यावर अभ्यास केला आहे. त्यात एक गोष्ट अशी सापडली की आमचे भाचे थोडे हिरमुसले. शिवण सरळ उभी धरून, एक गाल खरबरीत आणि एक गुळगुळीत असलेला चेंडू मध्यमगतीने टाकला, तर तो खरबरीत गालाकडे वळतो. वेग फार वाढला तरच गुळगुळीत गालाकडे. म्हणजे भाचा ज्याला अभिमानाने रिव्हर्स म्हणत होता, ते दुसरेच काही होते. आम्ही त्याला म्हटले, "नाव काही असो, वळतो ना?" तो म्हणाला, "मामा, कुठल्या बाजूला वळणार हे आधी माहीत पाहिजे." बरोबर आहे. आमच्या खात्यात जमेची रक्कम नावे पडली तर चालत नाही.

या झिजलेल्या चेंडूने जगात भांडणेही लावली आहेत. ही विद्या पाकिस्तानच्या गोलंदाजांनी घडवली. सर्फराज नवाज, त्यांच्यानंतर इम्रान खान, त्यांच्यानंतर वासिम अक्रम आणि वकार युनूस. १९९२ साली इंग्लंडच्या दौऱ्यात वासिम-वकार जोडीने पाच कसोटींत ४३ बळी घेतले, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांतून चेंडू कुरतडल्याचा आरोप झाला. २००५ साली इंग्लंडच्याच गोलंदाजांनी जुन्या चेंडूने ऑस्ट्रेलियाला हरवले, तेव्हा तीच गोष्ट कला ठरली. वाचकांना हा न्याय ओळखीचा वाटेल. खरी लबाडीही होतेच. २०१८ च्या मार्चमध्ये केपटाऊनला ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूने सँडपेपरने चेंडू घासला आणि कर्णधाराला वर्षभर घरी बसावे लागले. भाच्याला आम्ही बजावून सांगितले आहे, की घाम आणि विजार, यापलीकडे काही नाही. थुंकी लावण्यावर करोनाच्या काळात, २०२० साली, बंदी आली आणि २०२२ पासून ती कायमची झाली.

थुंकीवरून आमच्या मनात दुसराच विचार आला. चेंडू ही मैदानावरची अशी वस्तू आहे की ती अकरा जणांच्या हातून फिरते. कोणी घाम लावतो, कोणी पुसतो, कोणी पुढच्याकडे टाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच पुण्यात पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज हिंदू संघाकडून खेळत. त्याआधी त्यांनी गोऱ्यांच्या जिमखान्यावर तुटपुंज्या पगारात खेळपट्टीची निगा राखली, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची गोलंदाजी घडली. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सोबतचे सवर्ण खेळाडू खुशाल झेलत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. म्हणजे विटाळ चेंडूला लागत नव्हता, कपाला लागत होता. हेच बाळू १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि ११४ बळी घेऊन आले. फिरकीवाला म्हणजे जुन्या चेंडूचा माणूस. चकाकी गेली की त्याचा खरा दिवस सुरू होतो.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू हे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, म्हणून आमच्याकडची वडीलधारी माणसे त्यांचे नाव जपूनच घेतात. ते आपल्या जागी. पण पोरांना त्या ११४ बळींची माहिती द्यायला त्यामुळे कुणाची हरकत असू नये, असे आमचे मत आम्ही बैठकीत मांडले आहे. ठराव अजून व्हायचा आहे.

चेंडूवर 'मेरठ' असा छाप असतो, तो आम्ही इतकी वर्षे बिलावर लिहीत आलो. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या निर्वासितांनी मेरठ आणि जालंधर इथे खेळसाहित्याचा धंदा उभा केला. तिथे चामडे कापण्यापासून टाके घालण्यापर्यंत जाटव समाजाच्या कारागिरांचे हात मोठ्या संख्येने आहेत. शिवण उंच आणि घट्ट राहिली, तर तो चेंडू म्हातारपणीही कामाला येतो. ती सैल पडली की पुढची सगळी मेहनत फुकट.

आमचा एक शाळासोबती नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. फोनवर त्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, आमच्याकडच्या तबकड्यांचेही असेच आहे. तिकडे डिस्क गोल्फ नावाचा खेळ आहे, प्लॅस्टिकची तबकडी दुरून फेकून साखळ्यांच्या टोपलीत घालायची. लांबच्या फेकीची धारदार काठाची तबकडी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. उजव्या हाताने, छातीकडून बाहेर झटकून फेकली, तर नवी तबकडी शेवटी डावीकडे झुकून उतरते. झाडांवर आपटून आपटून तिच्या काठाला खरचटे पडले की ती आधी उजवीकडे वळून मग परत येते, आणि फारच झिजली की परत यायचेही विसरते. त्याच्या पिशवीत एकाच जातीच्या तीन तबकड्या आहेत, एक कोरी, एक अर्धी झिजलेली, एक पार जुनी. रस्ता जसा वळेल तशी तो काढतो. जुनी हरवली तेव्हा त्याने झुडपात तासभर शोधली म्हणे. नवी विकत मिळते, जुनी मिळत नाही.

हे ऐकून आम्हाला आमच्या पापाची पुरती कल्पना आली. एप्रिल-मे भर आम्ही कचेरीतून आलो की भाच्याबरोबर मैदानावर जाऊन उभे राहू लागलो. आमचे काम एकच, तो चेंडू टाकून परत वळेपर्यंत त्याचा एक गाल विजारीवर घासायचा. कचेरीच्या विजारीच्या उजव्या मांडीवर लाल डाग पडला, तो निघाला नाही. सौ.नी दोन साबण बदलून पाहिले आणि मग आम्हाला जुनी विजार वेगळी काढून दिली.

जूनच्या आरंभी निवड चाचणी होती. पन्नास-साठ मुले. ज्यांच्याकडे स्वतःचे किट आणि सोबत प्रशिक्षक, त्यांना सकाळच्या थंड हवेत नवे चेंडू मिळाले. आमच्या मुलाचे नाव पुकारले तेव्हा चार वाजून गेले होते आणि त्याच्या हातात आला तो दिवसभर मार खाल्लेला चेंडू. सोबतची दोन मुले कुरकुरली. आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो. भाच्याने चेंडू फिरवून दोन्ही गाल पाहिले, एक घामाने पुसला, आणि आम्ही पाहिले की त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. बारा चेंडू मिळाले. पहिले दोन सरळ गेले. तिसरा फलंदाजाने सोडून दिला, तो शेवटच्या दोन यार्डांत आत आला आणि ऑफ स्टंप घेऊन गेला. आठवा पायावर लागला. निवडीसाठी बसलेल्या गृहस्थांनी उठून तो चेंडू मागून घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारले, "खेळतोस कुठे?" त्याने आमच्या वस्तीचे नाव सांगितले. ते नुसते "हं" म्हणाले.

यादीत त्याचे नाव आले नाही. आले असते तर आम्ही हा लेख पहिल्या ओळीतच तसे लिहून सुरू केला असता. चार दिवस तो गप्प होता, पण या खेपेला जेवताना बोलत होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "मामा, नव्या चेंडूवरही बसलं पाहिजे. दर वेळी जुनाच मिळेल असं नाही." तेव्हापासून सहातले तीन चेंडू नव्यासाठी राखले आहेत. तिकडे एकदिवसीय सामन्यांचा नियमही बदलला. २०११ पासून दोन्ही टोकांनी वेगवेगळा नवा चेंडू असे, त्यामुळे कुठलाच पुरेसा जुना होत नसे. २०२५ च्या जुलैपासून ३४ षटकांनंतर त्यातला एकच निवडून शेवटपर्यंत वापरायचा आहे. भाच्याने ही बातमी कापून आरशाला चिकटवली आहे.

आमच्या नोंदवहीत खेळसाहित्याच्या पानावर आता एक रकाना वाढला आहे, 'टाकलेली षटके'. परवा अध्यक्षांनी सही करण्याआधी त्यावर बोट ठेवले. "खजिनदार, हा चार नंबरचा चेंडू बेचाळीस षटकं वापरलाय आणि तुम्ही पूर्ण किंमत दाखवता? घसारा कुठाय?" आम्ही पिशवी उघडून चेंडू त्यांच्या हातात दिला आणि भाच्याला हाक मारली.