गार पाण्याचं कौतुक

इंजिन म्हटलं की लोकांना पिस्टन आठवतो, लायनर आठवतो. त्यावर खर्च करताना हात आखडत नाही. पण कृष्णाकाठची डिझेल इंजिनं खोलताना मी पाहत आलोय, पिस्टन सहसा आपल्या मरणानं मरत नाही. त्याला पाणी, तेल, हवा नाहीतर डिझेल मारतं.

या पट्ट्याला इंजिन नवं नाही. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली सातारा रोडला कारखाना काढला. आधी नांगर, मग डिझेल इंजिनं. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, सांगितलं तर कुणाला पटत नाही.) किर्लोस्करवाडी १९१० ची, पण किर्लोस्करांची इंजिनं आली ती १९४६ नंतर, पुण्याच्या खडकीतून.

विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाला बहुतेक वेळा रेडिएटर नसतो. उपसलेल्या पाण्यातलीच एक धार नळीनं सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधून फिरते आणि पाटात पडते. मालक कौतुकानं म्हणतो, "मिस्त्री, हात लावून बघा, कसं गार चाललंय!" मी आधी कॉक पिळून धार बारीक करतो. डिझेल जळताना वाफ होते, त्यातलं गंधकही जळतं. लायनर फार गार असला तर ही वाफ त्यावर दवासारखी धरते, गंधकाशी मिळून आम्ल होते आणि लोखंड खाते. डिझेलची साधारण तिसरा हिस्सा उष्णता कामाला येते, जवळपास तेवढीच सायलेन्सरमधून जाते. उरलेल्यातली बरीचशी पाण्यानं न्यायची, पण सगळी ओरबाडून नाही. पडत्या धारेखाली हात धरवावा, मात्र फार वेळ नाही, एवढा ताव मला हवा असतो.

जत-आटपाडीकडं दुखणं वेगळं. बोअरचं पाणी जड. जॅकेटमध्ये क्षारांचा पांढरा थर बसतो आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचूच देत नाही. बाहेर धार गार लागते, आत हेड तडकायला आलेलं असतं. तिथं हाताचा भरवसा धरू नये. खोलून खरवडावंच लागतं.

तेलाचंही तसंच. जास्त घातलं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसावर बेअरिंग तरत नाही. डिझेलमध्ये पाणी शिरलं तर नोझल जातो, हे आता बहुतेकांना कळतं.

हवेचं मात्र अजून कळत नाही. एक लिटर डिझेल जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ती हवा धुरळ्यातूनच घेतो. एअर क्लीनर तुंबला की काळा धूर येतो, गाडी दमते. मग तो धुवायचा सोडून कुणीतरी काढूनच ठेवतं. आवाज मोकळा येतो, ओढही वाढल्यासारखी वाटते. पुढच्या हंगामाला रिंगा झिजलेल्या, ब्रीदरमधून धूर.

"माल हलका लागला मागच्या वेळी," मालक नवा सेट बाकावर ठेवत म्हणतो.

"एअर क्लीनर कुठाय?"

"आहे की. गोठ्यात."