ऑर्लिन्सच्या उतारावर

बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या पाठीमागे गेलेला फटका फुकट जातो. पणजीत कांपालच्या बांदोडकर मैदानावर लेट कट आणि लेग ग्लान्स बघत केस पिकलेल्या माणसाला हे पचायला जड आहे. चेंडू मागच्या जाळीवरून पार गेला, मी जोरात टाळ्या वाजवल्या, आणि आजूबाजूची मंडळी माझ्याकडे बघू लागली. "मामा, तो फाउल," भाच्याने हळूच सांगितलं. तो डिचोलीचा, नोकरीला बॉस्टनला. उन्हाळ्यात बहिणीबरोबर मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने आम्हांला केप कॉडला नेलं.

केप कॉड म्हणजे मॅसॅच्युसेट्समधली, समुद्रात लांबवर घुसलेली जमिनीची पट्टी. तिथे 10 संघांची एक लीग दर उन्हाळ्यात चालते, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. संघांना नावं गावांची: चॅथम, ब्रूस्टर, हार्विच, फालमथ, हायॅनिस. आम्ही बसलो होतो ऑर्लिन्सच्या एल्ड्रिज पार्कात आणि समोर खेळायला आला होता शेजारचा ब्रूस्टर. आता गावाचं नाव छातीवर म्हणजे मुलं गावचीच, असं मी धरून चाललो. पण ती बहुतेक सगळी परगावची. कुणी कॅलिफोर्नियाचा, कुणी टेक्ससचा, सगळे कॉलेजात शिकणारे, सुट्टीपुरते इथे आलेले.

तिकिटाची खिडकी मी बराच वेळ शोधली. नाहीच! मैदानाच्या कडेला गवताचा उतार आहे, त्यावर लोक आपापल्या घडीच्या खुर्च्या आणि चादरी आधीच येऊन मांडून ठेवतात. पेडण्यात दशावताराला संध्याकाळीच चटई टाकून जागा धरतात, अगदी तसं. मध्येच एकजण टोपी घेऊन फिरला आणि लोकांनी तीत डॉलर टाकले. मीही टाकले. तबक फिरतं तेव्हा काय करायचं असतं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

खेळ मात्र डोक्यावरून जात होता. चेंडू फलंदाजासमोरच्या ठरलेल्या पट्ट्यातून आला आणि फलंदाज नुसता बघत राहिला तरी स्ट्राइक. अशा तीन झाल्या की बाद. वाईट चार पडले की पठ्ठ्या बॅट टाकून आरामात पहिल्या बेसवर चालत जातो, कष्ट काहीच नाहीत. फाउल दोन स्ट्राइक होईपर्यंत स्ट्राइक म्हणून मोजतात, पुढे कितीही मारा, सहसा मोजत नाहीत. का? भाच्यालाही सांगता येईना. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते, आणि असे नऊ डाव. चौथ्या डावापर्यंत बहिणीने विचारणंच सोडून दिलं. ती निवांत थर्मासमधला चहा पीत बसली.

मला कळली ती बॅट. अमेरिकेत कॉलेजचं बेसबॉल धातूच्या बॅटने खेळतात, व्यावसायिक बेसबॉल लाकडी बॅटने. केप कॉडला 1985पासून लाकडीच. कॉलेजात धातूच्या बॅटने धावांच्या राशी घालणारा मुलगा इथे लाकूड हातात घेतो आणि चाचपडायला लागतो. मेजर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगच्या, संघांचे निवडकर्ते हेच पाहायला येतात. पुढे मेजर लीगमध्ये नाव कमावलेला फ्रँक थॉमस 1988मध्ये या ऑर्लिन्सकडून खेळला. 2022मध्ये मेजर लीगमधल्या अमेरिकन लीगमध्ये 62 होमरनचा विक्रम करणारा ॲरन जज 2012मध्ये ब्रूस्टरकडून खेळला होता. केपवर खेळून पुढे मेजर लीगमध्ये गेलेल्यांची संख्या हजारावर आहे. असले भावी लखपती आपण फुकटात, गवतावर बसून बघायचे!

पण मला खेळापेक्षा घरांचं नवल वाटलं. या मुलांना खेळण्याचा पगार नाही. गावातली कुटुंबं त्यांना हंगामभर आपल्या घरी ठेवून घेतात. शेजारच्या खुर्चीवरच्या आजीबाईंकडे ऑर्लिन्सचा एक पिचर, म्हणजे गोलंदाज, उतरला होता. दुधाचे कॅन किती संपतात, हे त्या तक्रारीच्या सुरात आणि हसऱ्या तोंडाने सांगत होत्या. मुलं दिवसा गावातल्या पोरांना खेळ शिकवतात, संध्याकाळी सामना खेळतात. पोरं सामना संपला की कुंपणाशी चेंडूवर सही घ्यायला उभी असतात, कारण सकाळी याच दादाने त्यांना झेल घ्यायला शिकवलेलं असतं. संघ चालवण्याचं काम बरंचसं गावातले स्वयंसेवकच करतात.

आमच्या पेडण्यात मे महिन्यात कापणी झालेल्या शेतात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. दिवे लागतात, माइक कोकलतो, बॅनरवर सर्वांत मोठ्या अक्षरात बक्षिसाची रक्कम असते. परगावचे खेळाडू आपल्याकडेही येतात, पण पैसे घेऊन, त्या एका रात्रीपुरते. सकाळी त्यांचं नावही कुणाच्या लक्षात नसतं. मजा येते, मी स्वतः रात्र-रात्र बसलो आहे. तरी त्यातून गावाच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न आहे.

पेडणे आणि डिचोलीतल्या मंडळांना माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या मे महिन्यात बक्षिसाची रक्कम निम्मी करा आणि काणकोण-सांग्याकडची कॉलेजची चार मुलं आपल्या वाड्यावरच्या घरांत महिनाभर ठेवून घ्या. सकाळी त्यांना गावच्या पोरांना शिकवायला लावा, संध्याकाळी गावाच्या नावाने खेळवा. जेवणाचा खर्च माझ्या घरी एका मुलाचा मी करीन.