पेठेतील पायरी

सातपुड्याच्या पायथ्याकडील तेल्हारा हे अकोला जिल्ह्यातील कापसाच्या व्यापाराचे गाव. हंगामात पेठ गाड्यांच्या भोंग्यांनी व हमालांच्या हाकांनी गजबजते. दुकानांच्या पायऱ्यांशी कुत्र्याची पिले मात्र निवांत निजलेली असतात. असा गोंगाट अंगवळणी पडणे, हेच कर्णबधिरांच्या सोबती श्वानाचे पहिले शिक्षण. ब्रिटनमध्ये या कार्यासाठी १९८२ साली संस्था स्थापन झाली. तेथे स्वयंसेवक कुटुंबे पिलू घरी वाढवितात, बाजारातून फिरवितात. मोठेपणी ते दाराची घंटा वाजताच नाकाने वा पंजाने स्पर्श करून माणसाला सावध करते. शिकवण सारी खाऊ आणि शाबासकीची. बंध, वध, छेद, अतिभारारोपण व अन्नपाननिरोध हे अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार टाळूनच प्राणी उत्तम शिकतो, याची ती साक्ष होय. तेल्हाऱ्याच्या पायरीवरील पिलावर काठी उगारण्यापूर्वी एवढे आठवावे.